बेटाची पाहणी

ज्या बेटावर शेळ्यासुद्धा जातात, त्या बेटावर जायला आम्हाला सात आठवडे लागले. शेळ्यांचं मी गमतीने म्हणत नाही. रोज सकाळी सहाच्या लाँचमध्ये पंधरा-वीस शेळ्या चढतात, बावीस मिनिटं उभ्या राहतात आणि पलीकडे उतरून चरायला लागतात. त्यातल्या एकीनेही आधी जाऊन पाहणी केलेली नाही. पण शेळ्यांचं नशीब थोर. त्यांच्यापैकी कुणाचा नवरा बस डेपोत वेळापत्रकं बनवायला नाही.

माझा आहे. कोणती बस किती वाजता सुटणार, कुठे किती थांबणार आणि परत कधी येणार, याचे तक्ते आखण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. डेपोतली माणसं त्यांना तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे मिनिटराव. मला दुसरं नाव जास्त पटतं. घरात दूध उतू गेलं तर हे आधी घड्याळ बघतात आणि मग गॅस बंद करतात. लग्नाच्या दिवशी मला हॉलवर पोचायला सहा मिनिटं उशीर झाला होता. अठ्ठावीस वर्षं झाली, ती सहा मिनिटं अजून माझ्या नावावर आहेत.

आणि बेट म्हणाल तर सातासमुद्रापार नाही. आमच्या गच्चीवरून दिसतं. हिरवा डोंगर, त्याच्या डोक्यावर पांढरं दीपगृह, खाली वाळूचा पट्टा. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाला लाँच. अख्खं शहर जाऊन आलंय. मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण माझं लाँड्रीचं दुकान आहे आणि लोकांचे खिसे मीच रिकामे करते. सुट्ट्या संपल्या की पँटींच्या खिशांतून लाँचची तिकिटं निघतात, शिंपले निघतात आणि वाळू तर विचारूच नका. दुसऱ्यांच्या सहली झाडून काढण्यात माझं आयुष्य चाललंय. आम्ही स्वतः कधीच गेलो नाही, कारण लोकांना सुट्ट्या असल्या की डेपोत जादा गाड्या असतात आणि जादा गाड्या म्हटलं की मिनिटराव घरात दिसत नाहीत.

मला बेटाचं एवढं कौतुक होतं असंही नाही. हे सगळं झालं ठकीमुळे.

ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. सव्वीस वर्षांची, बापापेक्षा दोन बोटं उंच आणि तरी घरात ठकीच. लोकांचे कान तपासायचं तिचं काम आहे. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं आणि बारीक बारीक आवाज ऐकू येतात का ते बघायचं. या कामासाठी परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलं. तीन वर्षांसाठी. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेचं विमान, सकाळी अकरा चाळीसचं.

पत्र आलं त्या दिवशी तिने ते वडिलांच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली. ह्यांनी दोनदा वाचलं.

"प्रवास किती तासांचा?"

"सतरा, बाबा."

"मध्ये थांबा?"

"एक आहे. साडेतीन तासांचा."

"साडेतीन म्हणजे पुरेसा आहे," हे म्हणाले आणि पाणी प्यायला निघून गेले.

झालं! पोटची पोर घर सोडून चाललीय आणि बापाला थांब्याची काळजी. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. ती बॅगा विकत घेऊन आली, हे पेपरात डोकं घालून बसले. तिने कागदपत्रांच्या प्रती काढल्या, हे पेन्सिलीला टोक करत बसले. मी मुद्दाम जेवताना विषय काढला की ह्यांना नेमकं मीठ हवं असायचं.

चार-पाच दिवसांनी ठकी दुकानात आली. मी शर्टांना चिठ्ठ्या लावत होते. ती काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसली आणि एकदम म्हणाली, "आई, बाबांना काहीच वाटत नाही का गं?"

"अगं, त्यांचा स्वभावच..."

"स्वभाव नको सांगूस. मला भाषण नकोय त्यांच्याकडून. जा म्हणू देत. नाहीतर जाऊ नकोस म्हणू देत, मी भांडेन त्यांच्याशी. पण काहीतरी म्हणू देत. अशीच निघून गेले ना, तर तीन वर्षं तिकडे हेच माझ्या डोक्यात फिरत राहील."

ही पोरगी रडणारी नाही. हात मोडला होता तेव्हा डॉक्टरलाच धीर देत होती. त्या दिवशी मात्र तिने माझ्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या आणि खाली मान घालून भराभर शर्टांना टोचायला लागली. दोन चुकीच्या शर्टांना टोचल्या. 

मग मी ठरवलं की या माणसाला डेपोपासून, पेपरापासून आणि घड्याळापासून लांब न्यायचं. चार दिवस बेटावर, तिघंच. चार दिवस समोरासमोर बसल्यावर माणूस किती वेळ मीठ मागत राहील?

"बेटावर जाऊ या," मी सकाळी चहाच्या वेळी म्हटलं.

"कोणत्या?"

"आपल्यासमोर काय डझनभर बेटं आहेत का हो?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता नाही म्हणतील. तर म्हणाले, "जाऊ की. पण नवीन मार्ग आहे. आधी चार फेऱ्या कराव्या लागतील."

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. डेपोत नवीन मार्ग सुरू करायचा असला की पहिला प्रवासी बसायच्या आधी वेळापत्रकवाल्याने स्वतः चार वेळा जाऊन यायचं, अशी ह्यांची पद्धत आहे. एक फेरी कामाच्या दिवशी, एक सुट्टीच्या दिवशी, एक पावसात आणि एक मुक्कामाची, कारण पलीकडे ड्रायव्हरला झोपायला जागा कशी आहे तेही बघावं लागतं. प्रत्येक फेरीत वही उघडून मिनिटं लिहायची. त्यात वाईट काही नाही. एकतीस वर्षांत ह्यांच्या तक्त्यातल्या दोन गाड्या कधी एकमेकींना आडव्या गेलेल्या नाहीत, आणि ही गोष्ट मला दर आठवड्याला ऐकवली जाते. पण अहो, बायको आणि मुलगी म्हणजे काय बस आहे? दर अर्ध्या तासाला सुटणाऱ्या लाँचची कसली डोंबलाची पाहणी करायची?

"वेळ कमी आहे हो," मी म्हटलं.

"म्हणूनच लगेच सुरुवात करतो," हे म्हणाले आणि मंगळवारी रजा टाकून एकटेच बेटावर गेले. अठ्ठावीस वर्षांत जी माझ्यासाठी मिळाली नाही, ती रजा.

संध्याकाळी अहवाल आला. जाताना बावीस मिनिटं, येताना चोवीस, कारण परतीला भाजीचे क्रेट चढवतात. धक्क्यावर सावली नाही. दीपगृहाला दोनशे बारा पायऱ्या. "तुझे गुडघे लक्षात घेता..."

"माझे गुडघे माझं मी बघते. कधी जायचं ते सांगा."

"तीन फेऱ्या बाकी आहेत."

दुसरी फेरी रविवारची, आणि डेपोतून मोकळा रविवार मिळायला तीन आठवडे गेले. येताना नाक लाल भाजलेलं, चपलांत वाळू आणि तोंडावर काय ती तरतरी! ठकीने विचारलं, "कसं होतं, बाबा?" तर म्हणाले, "गर्दी बरीच. पण वारा चांगला आहे." म्हणजे ज्या सहलीला आम्ही जायचं होतं, ती हे हप्त्याहप्त्याने एकटेच करून येत होते, आणि आम्हाला घरबसल्या वाऱ्याची माहिती मिळत होती.

तिसरी फेरी पावसातली. आणि पाऊस येईना. नऊ दिवस हा माणूस रोज गच्चीत जाऊन आभाळाकडे बघत उभा. खालून मी तारखा सांगतेय, आज दहा झाली, आज बारा झाली, तर म्हणे, "ओल्या फळीवरून पाय घसरतो का ते बघितल्याशिवाय तुम्हाला कसं नेऊ?" शेवटी एका गुरुवारी सकाळी पावसाची जरा भुरभुर सुरू झाली. मिनिटराव अर्धा चहा टाकून छत्री घेऊन जे पळाले! ठकी जन्मली तेव्हासुद्धा एवढ्या घाईने धावले नव्हते.

खालच्या मजल्यावर माझ्या नणंदबाई राहतात. मुलांच्या शिकवण्या घेतात आणि उरलेल्या वेळात आमच्या जिन्यावर लक्ष ठेवतात. त्या संध्याकाळी वर आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा भाऊ आहे म्हणून बोलू नये. पण तीनतीनदा? तेही इस्त्रीचा शर्ट घालून? जरा बघ हो."

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्या भावाला दुसरी कुणी भेटली, तर किती वाजता भेटायचं हे ठरवण्यातच ती बिचारी म्हातारी होईल."

असं मी म्हटलं खरं. पण तो ओला शर्ट धुवायला घेतला, तेव्हा सवयीने खिशात हात घातला. बेटावरच्या विश्रामगृहाची चिठ्ठी निघाली. त्यावर लिहिलं होतं, दोन चहा. मी ती उलटसुलट करून पाहिली. आता, हा माणूस आयुष्यात कधी दुसरा चहा पीत नाही. झोप येत नाही म्हणतो. मी चिठ्ठी परत खिशात ठेवली, मग काढली, मग फाडून टाकली. वन्संना यातलं काही सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

वीस तारखेला हे मुक्कामाच्या फेरीला गेले आणि एकवीसला परत आले. विश्रामगृह स्वच्छ आहे, गरम पाणी सात ते नऊ मिळतं, पलंग जरा करकरतो. दोन चहांबद्दल अहवालात काही नव्हतं. डोळे मात्र सुजलेले दिसत होते. मी विचारलं तर म्हणाले, "पलंग करकरतो, सांगितलं ना."

मग चार दिवस तक्ता आखण्यात गेले. ठकीच्या बॅगा भरत आल्या होत्या. मी रोज मनातल्या मनात दिवस मोजत होते आणि रोज ह्यांच्यावर खेकसत होते. शेवटी पंचवीस तारखेला संध्याकाळी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. काय सुंदर तक्ता होता म्हणून सांगू! लाल पेन्सिलीने प्रवास, निळ्या पेन्सिलीने जेवणखाण, माझ्या गुडघ्यांसाठी दर पन्नास पायऱ्यांवर विश्रांती. देवाने सृष्टी केली तेव्हासुद्धा एवढी तयारी नसेल.

ठकीने तो आधी वाचला. वाचता वाचता तिचं बोट एका जागी थांबलं. मग तिने हात मागे घेतला, "छान आहे, बाबा," एवढंच म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

मी तक्ता माझ्याकडे ओढला. प्रस्थान, सत्तावीस तारीख, सकाळी आठ तीस. परत, तीस तारीख, दुपारी चार.

क्षणभर मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिथे अठ्ठावीस तारखेभोवती ठकीने स्वतःच्या हाताने केलेला गोल होता.

"अहो, अठ्ठावीसला काय आहे?"

हे पेन्सिलीला टोक करायला लागले.

"मी काय विचारतेय? अठ्ठावीसला काय आहे? एकतीस वर्षांत दोन गाड्या आडव्या गेल्या नाहीत म्हणून मिरवता ना? आणि पोटच्या पोरीच्या विमानावर सहल घातलीत? लाज नाही वाटत?"

"बघतो," हे म्हणाले. "दुरुस्त करतो."

"कशात दुरुस्त करता? दिवस कुठे शिल्लक ठेवलाय तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. पेन्सिल पार बोटाएवढी उरली होती. मी उठून ठकीच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती.

"राहू दे आई, आपण नको जायला," ती म्हणाली. "त्यांना तारीखसुद्धा लक्षात नाही गं."

 अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांची बाजू कितीतरी वेळा सावरून घेतलीय. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले नाहीत, तेव्हा डेपोत संप आहे म्हणून सांगितलं. तिच्या पदवीच्या दिवशी उशिरा आले, तेव्हा टायर फुटला म्हणून सांगितलं. आज मला एक थाप सुचेना. मी बाहेर आले, तो सुंदर तक्ता उचलला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"उद्या जायचं," मी म्हटलं. "चार दिवस नाही तर नाही, एक दिवस. सकाळी जाऊ, संध्याकाळी येऊ. तिघंही."

"उद्या? उद्याच्या दिवसाची पाहणी..."

"पाहणी गेली खड्ड्यात."

माझा आवाज बहुतेक वन्संच्याही खाली राहणाऱ्यांपर्यंत गेला असावा. ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

सकाळी साडेआठच्या लाँचमध्ये आम्ही चढलो. ठकी पुढे टोकाला जाऊन बसली, हे मागे इंजिनपाशी, आणि मी मधे दोघांची पाठ आणि तोंड आळीपाळीने बघत. काय मजेची सहल! तेवढ्यात तिकिटं बघणारा लाँचवाला आला आणि ह्यांना पाहून ओरडला, "अरे, वहीवाले भाऊ! आज माणसं घेऊन आलात होय?" मग पुढे जाऊन ठकीचं तिकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हीच त्या. अठ्ठावीसला ना? अकरा चाळीस?"

ठकीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मी या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही दोघींनी मग इंजिनकडे पाहिलं. तिथे आमचे हे समुद्राकडे असे निरखून बघत होते, जणू पाण्यातून आत्ता बस येणार आहे.

धक्क्यापासून विश्रामगृह पाच मिनिटांवर. आठ खोल्यांचं, पुढे झाड, झाडाखाली समुद्राकडे तोंड केलेला बाक. ह्यांची चाल एकदम मंदावली. बूट तपासले, उगीच नाडी सोडून पुन्हा बांधली. आतून हात पुसत एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, जाडजूड, कपाळावर घाम. हीच ती दोन चहावाली, हे मला बघताक्षणी कळलं. मी पदर सारखा केला आणि लढाईच्या तयारीने उभी राहिले.

पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ठकीसमोर गेली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"तू ठकी ना गं? कान तपासणारी? बस बाळा, बस. किती ऐकलंय तुझ्याबद्दल! हात मोडला होता तेव्हा रडली नाहीस ना तू? आणि डेपोत येऊन बाबांच्या टेबलाखाली झोपायचीस."

ठकी बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आणखी कोण सांगणार? पहिल्या दिवशी आले, वही उघडली, गरम पाणी किती वाजता, पायऱ्या किती, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, माझी मुलगी चाललीय. आणि जे सुरू झाले ते लाँचच्या भोंग्यापर्यंत. दर खेपेला दोन चहा सांगायचे, एक मला, आणि मी समोर बसून ऐकायचं. स्वतःचा प्यायचेच नाहीत, गार व्हायचा. परवा मुक्कामाला आले तर संध्याकाळी या बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. मी म्हटलं, अहो भाऊ, मला सांगून काय उपयोग, पोरीला सांगा की. तर म्हणे, तिच्यासमोर बोलायला गेलं की तोंडातून थांबे आणि वेळाच निघतात."

आता खरं सांगते. मला वाईट वाटायच्या आधी राग आला. दुसरी बाई असती तर परवडली असती, तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. अठ्ठावीस वर्षं मी याच माणसासमोर कान देऊन बसलेय, आणि ह्याला बोलायला बावीस मिनिटांचा समुद्र ओलांडून परकी बाई लागते! लाँचवाल्याला तारीख ठाऊक, चहावालीला वेळ ठाऊक, उद्या शेळ्यांनीही विचारलं असतं. फक्त घरात कुणाला पत्ता नाही.

"एक मात्र मला कळलं नाही बाई," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "ह्यांनी सत्तावीसपासूनची खोली मागितली. मी म्हटलं, भाऊ, अठ्ठावीसला तर हिचं विमान, मग कसं? तर म्हणाले, माहीत आहे, लिहून ठेवा."

 ठकी हळूहळू वडिलांकडे वळली.

"बाबा? तुम्हाला माहीत होतं?"

हे झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे होते. "तारीख मी विसरेन होय गं?" म्हणाले. "अकरा चाळीसचं विमान. दारं अकरा वीसला बंद होतात. घरून साडेसहाला निघायला हवं. पुलावर गर्दी असते, म्हणून सव्वासहा."

"मग असा तक्ता का केलात?"

ह्यांनी खिशातून वही काढली आणि न उघडताच परत ठेवली.  

"एकतीस वर्षं कुणाची गाडी चुकू नये म्हणून बसलोय," हे म्हणाले. "म्हटलं, एकदा, एकच गाडी चुकू दे. कागदावर तरी चुकू दे. मला जा म्हणवत नाही गं ठकी. आणि जाऊ नकोस म्हणणारा मी कोण? एवढी शिकलीस, स्वतःच्या हिमतीवर मिळवलंस. दोन्हीपैकी काहीच तोंडातून निघेना, म्हणून तक्ता केला."

ठकी आधी हसली. फस्सकन, नाकातून, तिची हसायची ती वाईट सवय आहे. आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते थांबेना. "असं कुणी करतं का हो? मी रात्रभर... मला वाटलं तुम्हाला तारीखसुद्धा..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण तिने वाकून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. विश्रामगृहवाली बाई डोळे पुसत आत चहा टाकायला गेली. मीही डोळे पुसले. वाळू गेली होती असं म्हणणार होते, पण राहू दे, कोण विश्वास ठेवणार.

मग मी त्या दोघांना बाकावर बसवलं आणि एकटीच दीपगृहावर निघाले. मला तिथे थांबवेना, आणि त्यांना माझी गरजही नव्हती. पायऱ्या मी मोजल्या. दोनशे चौदा भरल्या. खाली उतरताना पुन्हा मोजल्या, तरी दोनशे चौदाच. एकतीस वर्षांत ज्या माणसाचं एक मिनिट चुकलं नाही, तो दोन पायऱ्या चुकला होता. चढताना त्यांच्या डोक्यात काय असेल ते मला कळलं, आणि मी ही गोष्ट कधीही कुणाला सांगायची नाही असं ठरवलं. वरून बाक स्पष्ट दिसत होता. हे बोलत होते आणि बोलताना दोन्ही हात हलवत होते. ह्यांचे हात बोलताना हलतात, हे मला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी, अख्खा डोंगर चढून गेल्यावर समजलं.

खाली आले तेव्हा दोघं दुपारचं जेवायला माझ्यासाठी थांबली होती. ठकीचे डोळे लाल, नाक लाल, आणि तोंडावर असं काही समाधान की मी तिच्याकडे नीट बघायचंच टाळलं. जेवताना हे तिला तिकडच्या घराबद्दल विचारत होते. खिडकी कोणत्या दिशेला, शेजारी कोण, थंडीत अंगावर काय घालणार. मागच्या सात आठवड्यांत न विचारलेले सगळे प्रश्न एका जेवणात. मीठ कुणीही मागितलं नाही. मी म्हटलं, "अहो, जरा श्वास घ्या," तर दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मला फार बरं वाटलं.

चारच्या लाँचने परतायचं हे ह्यांनीच ठरवलं होतं. चार वाजले, भोंगा झाला. "गर्दी दिसतेय," हे म्हणाले, "साडेचारची घेऊ." लाँचमध्ये मोजून सहा माणसं होती. साडेचारला म्हणाले, ऊन आहे. पाचला म्हणाले, चहा सांगितलाय. साडेपाचला काहीच म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले, आणि आम्ही दोघीही उठलो नाही. सहाची गेली. साडेसहाची गेली. समोर आमच्या शहरातले दिवे लागायला लागले, त्यात आमची गच्ची कुठली हे ठकी बोटाने दाखवत होती आणि हे चुकीच्या इमारतीला हो म्हणत होते.

सातच्या आधी लाँचवाला स्वतः वर आला. "वहीवाले भाऊ, ही शेवटची."

"माहीत आहे," हे म्हणाले आणि उठले नाहीत.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ठकीकडे पाहिलं. ती उठली आणि तिने त्यांच्यापुढे हात केला. ह्यांनी तो धरला, जागेवरून उठले. ठकी सवयीने भरभर निघाली. ही सवय ह्यांनीच लावलेली. तीन वर्षांची असल्यापासून तिचा हात धरून, 'चल, चल, गाडी सुटेल' म्हणत, जवळजवळ फरफटत न्यायचे तिला. खाली लाँचचा भोंगा झाला. मग दुसऱ्यांदा झाला.

"ठकी," हे म्हणाले, "सावकाश चल गं जरा."